माफी नक्की कुणी करायची?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्याच भावकीत, बांधावरून खून झाला. धाकट्या भावानं थोरल्याला कुऱ्हाडीनं मारलं. बांध हातभर सरकला होता की नव्हता, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. धाकट्याला जन्मठेप लागली. तो कळंब्याच्या जेलात गेला, अधूनमधून रजेवर यायचा, आणि सोळा वर्षांनी कायमचा घरी आला. त्या दिवशी पारावर बोललं गेलं, "सरकारनं माफ केलं त्याला." ते वैनींच्या, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या, कानावर गेलं. भाकरी थापता थापता त्या एवढंच म्हणाल्या, "सरकारचं काय गेलं हुतं माफ कराया?"

एखादा कैदी सुटला, कुणाची फाशी रद्द झाली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, अशी बातमी आली की टपरीवर, एसटीत, घरात भांडणं होतात. भयंकर गुन्हा करणाऱ्याला माफ करावं की नाही, यावर प्रत्येकाचं मत असतं. माफ करायचं कुणी, हे विचारायचं मात्र राहून जातं. वैनींनी तेच विचारलं होतं.

एकच शब्द, चार वेगळ्या गोष्टी

मराठीत "माफी" हा शब्द फार ओझं वाहतो. तुरुंगात वागणूक चांगली ठेवली, नेमून दिलेलं काम केलं, की शिक्षेतले काही दिवस कमी होतात. कैदी त्याला माफीच म्हणतात. टोळीतला एखादा फुटून सगळं खरं सांगायला तयार झाला तर तो माफीचा साक्षीदार. राज्यघटनेच्या कलम ७२ नुसार राष्ट्रपती आणि कलम १६१ नुसार राज्यपाल शिक्षा कमी करू शकतात किंवा रद्दही करू शकतात. त्याला दया म्हणतात, पण बोलताना आपण माफीच म्हणतो. आणि चौथी माफी म्हणजे ज्याचं माणूस गेलं, त्यानं आपल्या मनानं दिलेली.

पहिल्या तीन सरकारी आहेत. त्यांना नियम आहेत, अर्ज आहेत, सह्या-शिक्के आहेत. चौथीला यातलं काहीच नाही. आपल्याकडं कर्जमाफी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. विकास सोसायटीचं कर्ज सरकारनं माफ केलं की सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. पण त्याच साली मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसे त्यानं फिटत नाहीत. मेहुणा दारात आला तर त्याला कर्जमाफीचा कागद दाखवून चालत नाही.

रजेचाही असाच गोंधळ होतो. कैदी गावात दिसला की लोक म्हणतात, सुटला. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. दोन्हींत माणूस ठरलेल्या दिवसांसाठी घरी येतो आणि परत जातो. ही सुटकाही नाही आणि माफीही नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे कुठून आलं?

हा गैरसमज इतका खोल गेला आहे की शिकलेली माणसंही तो ठामपणे सांगतात. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं १९६१ सालीच स्पष्ट केलं होतं की ही शिक्षा उरलेल्या सगळ्या आयुष्याची असते. तेच गोडसे १९६४ मध्ये सुटले, कारण शिक्षेत सूट द्यायचा अधिकार सरकारला असतो. शिक्षा कोर्ट ठरवतं आणि सूट सरकार देतं, ही दोन वेगळी खाती आहेत.

चौदाची अट नंतर आली. १९७८ साली कायद्यात अशी दुरुस्ती झाली की ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप लागलेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकारनं सोडायचं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ही अट आहे. म्हणजे चौदा हा उंबरा आहे. मुलीचं लग्न अठरा पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही, म्हणून अठराव्या वाढदिवशी मांडव घातलाच पाहिजे असं होत नाही, तसंच हे. चौदा वर्षांनंतर कैद्याला अर्ज करता येतो. तो तपासताना गुन्हा किती निर्घृण होता हे बघतात आणि त्यानुसार आणखी वर्षं भोगावी लागतात.

आणि सूट कोणत्या सरकारनं द्यायची, यालाही नियम आहे. २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्कीस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यांच्या घरच्यांना मारण्यात आलं. त्यातल्या ११ दोषींना गुजरात सरकारनं १५ ऑगस्ट २०२२ ला सोडलं. बिल्कीस कोर्टात गेल्या. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळं सूट द्यायचा अधिकार गुजरातचा नव्हताच, असं कोर्टानं सांगितलं. सगळे दोषी परत तुरुंगात गेले.

राक्षस म्हणायचं की नाही?

गुन्हा फार भयंकर असला की आपण करणाऱ्याला राक्षस म्हणतो, जनावर म्हणतो. संताप खरा असतो आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या शब्दात एक घोटाळा आहे.

शिराळा-कराडकडं उसाच्या फडात बिबट्या येतो. त्यानं शेळी नेली, कधी माणसावर झडप घातली, तर आपण वनखात्याला कळवतो, पिंजरा लावतो. बिबट्यावर खटला कुणी भरत नाही. त्याला दुसरं काही करता आलं असतं, असं आपण मानतच नाही. दोष द्यायचा तर समोर माणूस लागतो, हातातली कुऱ्हाड खाली ठेवणं ज्याला जमलं असतं असा माणूस. त्याला राक्षस ठरवलं की नकळत आपण त्याच्यावरचा दोषच काढून घेतो. शिवाय आपल्यालाही मोकळं करून घेतो, कारण राक्षस वेगळ्या कुळातला, आपल्या घरात कुठला.

धाकटा आमच्या घरातला होता. त्यानंच माझ्या हनुवटीखाली हात धरून मला विहिरीत पोहायला शिकवलं. पुढं त्याच हातानं कुऱ्हाड चालवली. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिल्यामुळं दुसरं पुसलं जात नाही, आणि दुसऱ्यामुळं पहिलं खोटं ठरत नाही. न्याय करायचा तर दोन्ही समोर ठेवून करावा लागतो, आणि म्हणूनच तो अवघड असतो.

"परिस्थितीनं केलं, त्याचा काय दोष?"

ही हमखास येणारी हरकत. दारू होती, कर्ज होतं, लहानपणी बापाचा मार होता. हे सगळं खरंही असतं. पण कारण वेगळं आणि सबब वेगळी.

खंबाटकी घाटात ट्रक उलटला. ब्रेक अचानक निकामी झाले असतील तर ड्रायव्हरचा दोष नाही. तो पिऊन चालवत असेल तर दोष आहे. आणि ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून तो महिनाभर सांगत होता, मालकानं ऐकलं नाही, तरी याला ठाऊक असताना यानं गाडी भरधाव सोडली, तर दोघंही दोषी. दोष वाटला गेला म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचा कमी होतोच असं नाही.

कोर्टाला हे माहीत असतं. गुन्हा सिद्ध झाल्यावर शिक्षा किती, यासाठी वेगळी सुनावणी होते. १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची, आणि ती देताना गुन्ह्यासोबत गुन्हेगाराकडंही बघायचं. हा माणूस सुधारण्यापलीकडचा आहे, हे दाखवायचं ओझं सरकारवर टाकलं. एका हंगामात पीक करपलं म्हणून रान नापीक, असं कुणी शेतकरी म्हणत नाही. मात्र करपलेल्या पिकाला तो हिरवंही म्हणत नाही.

"पण कोवळ्या पोरांना मारणाऱ्यांवर कसली दया?"

शेजारच्या कोल्हापूरचं बालहत्याकांड आठवणारे लोक हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारायचा त्यांना हक्क आहे. पोरं पळवून चोऱ्यांसाठी वापरायची आणि मग मारून टाकायची, असा तो प्रकार. त्यात दोषी ठरलेल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. आणि २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं त्या फाशीची जन्मठेप केली.

तेव्हा लोक चिडले, मीही चिडलो. निकालाचं कारण समजल्यावर राग दुसरीकडं वळला. त्यांचा गुन्हा कमी होता, असं कोर्टानं म्हटलंच नव्हतं. दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारी यंत्रणेनं जवळपास आठ वर्षं लावली, हा कोर्टाचा मुद्दा होता. रोज सकाळी आज दोर की उद्या, या भीतीत माणसाला वर्षानुवर्षं ठेवणं ही न सांगितलेली दुसरी शिक्षा झाली, आणि ती द्यायचा अधिकार कुणालाच नाही. ज्या आईबापांची लेकरं गेली, त्यांच्या बाजूनं बघितलं तर ही आठ वर्षं त्यांचाही अपमानच होता.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर

माफी आणि सूड यांच्या मधेही काही असू शकतं, ते बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात जागा आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ साली कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच सुमाराचा हा प्रयोग. मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनियर भारतात येऊन भारतानंद झाले होते. त्यांच्या पुढाकारानं, राजांच्या पाठबळावर, आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिला भिंत नव्हती. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथं शेती करू लागली. ही वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडं आहे आणि तिथं कैद्याला बायकापोरांसह राहता येतं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा "दो आँखें बारह हाथ" याच प्रयोगावरून निघाला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच तालुक्यातल्या माडगूळचे.

आटपाडीचा माळ ज्यांनी बघितला आहे त्यांना कळेल की तिथं शेती करणं ही काही सवलत नव्हे. पण मला या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. तिथल्या कैद्याला कुणी माफ केलेलं नाही. शिक्षा चालूच असते. त्याच्यावर फक्त थोडा विश्वास टाकलेला असतो. किराणा दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला आधी पाव किलो साखर उधार देतो, ती फिटली की पुढं महिन्याचा बाजार देतो, तसा. माफी द्यायचा अधिकार सरकारचा आहे का, यावर मला शंका आहे. विश्वास टाकून बघायचा अधिकार आहे, यावर मुळीच नाही. तुरुंगातून माणूस कधीतरी बाहेर येणार असेल, तर तो कसा बाहेर येतो हे गावाच्याही फायद्या-तोट्याचं असतं.

तरी स्वतंत्रपूरची गोष्ट ऐकताना मला दर वेळी वाटतं की यात कुणीतरी राहिलं. कैदी आहे, दयाळू राजा आहे, ध्येयवेडा इंजिनियर आहे. ज्याचा खून झाला त्याची बायको या गोष्टीत कुठं उभी आहे?

सामाईक विहीर आणि पाण्याची पाळी

आमच्याकडं सामाईक विहिरीवर पाळ्या असतात. माझी पाळी सोमवारी, चुलत्याची मंगळवारी. शेजाऱ्याचं पीक वाळत असेल तर मी माझी पाळी त्याला देऊ शकतो. चुलत्याची देऊ शकत नाही, मग शेजारी कितीही गयावया करो.

खुनाचंही तसंच आहे. थोरला मेला तेव्हा किती जणांचं गेलं? त्याचं स्वतःचं आयुष्य गेलं. वैनींचा नवरा गेला, पोरांचा बाप गेला, काकींचा लेक गेला, आणि काकींचा तर मारणाराही लेकच. प्रत्येकाची पाळी वेगळी. काकींनी धाकट्याला घरात घेतलं, ती त्यांची पाळी होती. त्या जोरावर त्या सुनेच्या वतीनं काही देऊ शकत नव्हत्या, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. थोरल्याची पाळी मात्र कुणालाच सोडता येत नाही, कारण तो नाही. खटल्याच्या कागदावर "महाराष्ट्र शासन विरुद्ध" असं असतं, त्यात वैनींचं नाव नसतं. पूर्वी मला ते खटकायचं. आता वाटतं, जो मेला त्याच्या बाजूनं कुणीतरी कायम उभं राहावं, म्हणून ते तसं आहे.

काही देशांत ही पाळी कायद्यानंच वारसांच्या हाती दिली आहे. येमेनमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या केरळच्या नर्सची बातमी २०२५ च्या जुलैत सगळ्यांनी वाचली. तिथं मृताच्या घरच्यांनी रक्ताचं मोल घेऊन माफ केलं तर जीव वाचू शकतो. आपल्याकडं किरकोळ मारहाण, अब्रुनुकसानी असे काही गुन्हे आपसात मिटवता येतात. खून आणि बलात्कार त्या यादीत नाहीत. वारसांना अधिकार देणं ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या गावात तसा कायदा असता तर तेराव्याच्या आत भावकीनं वैनींना बसवून अंगठा घेतला असता, हे मी खात्रीनं सांगतो. मिटवता न येणं हेच त्यांचं संरक्षण होतं.

ज्यांनी माफ केलं, ज्यांनी नाही केलं

ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं. खटला तरीही चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. इंदूरकडं १९९५ मध्ये सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननचा खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली, आणि पुढं त्याच्या सुटकेला घरच्यांनीच पाठिंबा दिला. बिल्कीस बानो यांनी उलट केलं, दोषी सुटल्यावर कोर्टाचं दार ठोठावलं.

या तिघींमध्ये मोठी कोण, असं मला कुणी विचारू नये. ग्लॅडिस आणि त्या बहिणीनं जे दिलं ते त्यांचं होतं, म्हणून ते मोठं. बिल्कीस यांनी जे दिलं नाही तेही त्यांचंच होतं.

"माफ कर, तुझंच मन हलकं होईल"

हे मी स्वतः वैनींना सांगायला गेलो होतो. धाकटा सुटून आल्यावर दोन-तीन महिन्यांत. मला वाटत होतं की मी त्यांच्या भल्याचं बोलतोय. राग धरून माणूस आतून जळतो, पोरांसाठी तरी सोडून द्या, असं बरंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दाजी, भाकरी मागितली तर वाढीन त्याला. पर माफी माज्याकडनं तुमी कशापायी मागताय? त्यो आला न्हाई."

मी गप्प उठून आलो. मन हलकं व्हावं म्हणून माफ करणाऱ्यांचं होतही असेल. पण ज्याचं काही गेलेलं नाही त्यानं जखमी माणसाला ते सांगणं म्हणजे, आमच्या डोळ्यांना त्रास होतो, पट्टी काढ, असं सांगणं आहे. आणि हे सांगणं नेहमी बाईच्याच वाट्याला जास्त येतं. सासरचं नाव, पोरांची लग्नं, भावकीतला एकोपा, सगळ्याचं ओझं तिच्या माफीवर. अत्याचार झालेल्या स्त्रिया आणि मुलांसाठी राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, मदत मिळते. जखमी माणसाला आधी काय लागतं, याची निदान जाणीव तिच्यात आहे. आम्ही भावकीतल्या लोकांनी वैनींना धड बियाण्याचीही मदत केली नव्हती, आणि माफीचा सल्ला द्यायला मात्र गेलो.

पश्चात्ताप ओळखायचा कसा?

तो ओळखता येत नाही, असं मला वाटतं. रडणं शिकता येतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. त्यांनी या प्रश्नातून एक शहाणी वाट काढली. राजकीय गुन्ह्यांतून शिक्षामुक्ती हवी असेल तर पश्चात्ताप दाखवायची सक्ती ठेवली नाही. पूर्ण सत्य सांगायची सक्ती ठेवली. कुणाला कुठं मारलं, कुठं पुरलं, सगळं उघड. ७,११२ अर्ज आले आणि ८४९ जणांनाच शिक्षामुक्ती मिळाली. त्यावर तिथंही खूप टीका झाली, कारण सत्य कळलं तरी मारणारा मोकळा फिरताना बघणं सोपं नव्हतं. पण बेपत्ता लेकराचं नेमकं काय झालं हे कळणं म्हणजे काय, ते ज्याचं लेकरू गेलं त्यालाच ठाऊक.

धाकटा शेवटी गेला वैनींच्या दारात. वर्षभरानं. काकी सोबत होत्या, मी अंगणात होतो. "वैनी," एवढंच म्हणून तो उभा राहिला. वैनींनी त्याला एकच विचारलं, "पाणी मागितलं हुतं का त्यांनी?"

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मागितलं."

"दिलंस?"

त्यानं मान हलवली. नाही.

वैनी आत गेल्या. त्या आजही त्याच्याशी बोलत नाहीत. काकी गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात वैनींच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत चुलत्याचं नाव छापलेलं होतं, सगळ्यात खाली. ते घालायला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.